कागदाचेच तर आहे!



मंडळाचा वर्धापनदिन आला की स्मरणिका निघते, आणि स्मरणिका निघावयाची म्हटली की प्रत्येकीकडे मजकुराची मागणी होते. कोणी पाककृती देते, कोणी ओव्या देते, कोणी यात्रेची हकीकत लिहिते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा इतिहासावर लिहिणे म्हणजे मोठ्यांच्या पंगतीत पाट मांडून बसण्यासारखेच आहे. तरीही मी हा विषय घेतला, त्याला कारण आहे.

आपण मंडळात भेटकार्डे, पाकिटे, आकाशकंदील, तिळगुळाच्या पुड्या असे कागदाचे काम करतो. हे काम विकावयास ठेवले की एक वाक्य हमखास कानांवर येते, "कागदाचंच तं आहे! त्याचे काय एवढे पैसे?" वीस रुपयांचे कार्ड मग दहाला मागितले जाते. बाहेरच्यांनी म्हटले तर एक वेळ सोसवते. पण घरचे म्हणतात आणि पुष्कळदा आपण स्वतःही म्हणतो. म्हणून कागद खरोखरच इतका हलका आहे का, याचा शोध घ्यावा असे मनात आले. काही पुस्तकांतून वाचले, काही मुलीने शोधून दिले, काही थोरल्या बायकांना विचारले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडते.

आधी आपले घरच पाहा. श्रावणात आपण जिवतीचा कागद भिंतीवर लावून त्याची पूजा करतो. लग्नपत्रिका छापून आली की पहिली पत्रिका देवापुढे ठेवतो. नवरदेवाच्या कपाळी बाशिंग बांधतो ते कागदाचे आणि बेगडीचे; पोळ्याला बैलांच्या कपाळी बांधतो तेही तसेच. दिवाळीला दुकानात वहीपूजन होते, तेव्हा कोऱ्या कागदालाच हळदकुंकू वाहतात. म्हणजे ज्याला आपण "कागदाचेच तर" म्हणतो, त्याला वर्षातून कितीतरी वेळा हात जोडतो!

आमच्या सासूबाई कागदाच्या टोपल्या करीत. मुलांच्या जुन्या वह्या आणि रद्दी चार-पाच दिवस पाण्यात भिजत घालावयाची, उखळात कुटून तिचा मऊ लगदा करावयाचा, त्यात दळलेल्या मेथ्या मिसळून कणकेसारखे मळावयाचे, आणि पालथ्या घागरीवर थापून उन्हात वाळवावयाचे. मेथीने लगदा चिकट होतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. अशा टोपलीत डाळी, वड्या, कुरडया वर्षभर राहात. आज प्लॅस्टिकचे डबे आले आणि टोपल्या माळ्यावर गेल्या. पण त्या करणाऱ्या बाईला कागद कसा होतो हे ठाऊक होते, कारण कागद करण्याची रीत आणि टोपली करण्याची रीत या सख्ख्या बहिणी आहेत.

कागदाची विद्या मूळची चीन देशातली. इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने झाडाच्या साली, चिंध्या आणि जुनी जाळी यांपासून कागद करण्याची कृती बादशहापुढे ठेवली असे सांगतात. तेथून ही विद्या समरकंदला, मग इराण-अरबस्तानात आणि पुढे आपल्या देशात आली. आपल्या मराठी मुलखात तिची जुनी ठाणी दोन. एक जुन्नर, आणि दुसरे दौलताबाद व खुलताबाद यांच्या मधले कागजीपुरा. गावाचे नावच धंद्यावरून पडलेले. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा कागद करणारे कारागीरही आले आणि येथेच राहिले, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे पेशवाईत पुण्याच्या कसबा पेठेत कागदी लोकांची वस्ती झाली. तो भाग आजही कागदीपुरा म्हणून ओळखला जातो. जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर आपल्या राज्याचे कितीतरी हिशेब, सनदा आणि पत्रे लिहिली गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे जुने हातकागद आजही जपलेले आहेत.

हा कागद करावयाचा कशाचा? तर जुनी गोणपाटे, दोर, फाटकी जाळी यांचा. त्यांचे तुकडे करून चुन्याच्या पाण्यात भिजवावयाचे, पायाने चालवावयाच्या ढेकीखाली कुटावयाचे, वाहत्या पाण्यात धुवावयाचे. तो लगदा हौदात पाण्याबरोबर ढवळावयाचा आणि गवताच्या बारीक काड्यांची चटई आत बुडवून अलगद वर काढावयाची. पाणी निथळले की चटईवर साय धरावी तसा पातळ थर राहतो. तोच कागद. ओल्या कागदांची चळत दाबून पाणी काढावयाचे, एकेक कागद भिंतीवर चिकटवून वाळवावयाचा, त्यावर खळ लावावयाची, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चकाकी आणावयाची. हा घरोघर चालणारा धंदा होता. घरातल्या लहानथोर सर्वांचे हात त्याला लागत. भिजवणे, कुटणे, धुणे, थापणे, वाळवणे ही सारी कामे आपल्या ओळखीचीच नव्हेत काय? वाळवणाच्या दिवसांत आपण दुसरे काय करतो?

पुढे इंग्रजी अमलात गिरण्यांचा कागद आला. तो स्वस्त होता, पांढराशुभ्र होता. हातकागदाचे हौद एकेक करून कोरडे पडले. हा धंदा पुन्हा उभा करण्याचा मोठा यत्न आपल्या विदर्भातच झाला, याचा मला फार अभिमान वाटतो. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. शेठ जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत त्याचे काम सुरू झाले; तिला मगनवाडी असे नाव पडले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस. तेथे तेलघाणी, मधमाशापालन यांच्याबरोबर हातकागदाचे शिक्षण दिले जाई. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय उघडले गेले. के. बी. जोशी यांनी हातकागदाच्या शास्त्राचा अभ्यास केला, आणि १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू झाली. तिचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. ज्यांना साऱ्या देशाची चिंता होती, त्यांना चिंध्यांच्या कागदासाठी वेळ काढावासा वाटला, तो का? कारण ज्या खेड्यात कागद होईल, त्या खेड्यातल्या हातांना काम मिळेल. गांधीजी तर आलेल्या पाकिटांची उलटी बाजू लिहिण्यासाठी वापरीत. आपण लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांपासून कार्डे करतो ती काटकसर त्याच जातीची आहे. शिवाय हातकागदाला झाड तोडावे लागत नाही. कापसाच्या चिंध्या पुरतात. आणि कापूस हे तर आपल्या वऱ्हाडचे पांढरे सोने!

आता कार्डांकडे येऊ. हाताने केलेले कार्ड म्हटले की मला सावंतवाडीचे गंजिफा आठवतात. गंजिफा म्हणजे जुने गोल पत्ते. बाबर बादशहाच्या आठवणींत त्यांचा उल्लेख आहे. आपल्याकडे त्यांवर दशावतार आले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, त्यांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. अशी एकूण १२० पाने. मत्स्यावताराच्या पानावर मासे, कूर्मावताराच्या पानावर कासवे, परशुरामाच्या पानावर परशू. थरावर थर चिकटवून, चिंचोक्याची खळ आणि पांढरा लेप देऊन, घोटून, बारीक कुंचल्याने रंगवून आणि लाखेचा हात देऊन हे पान तयार होई. पण छापील विलायती पत्ते आले आणि गंजिफा मागे पडले. १९७० च्या सुमारास सावंतवाडीत ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर उरले होते. तेव्हा राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. जेथे दरबार भरे तेथे बसून कारागीर पाने रंगवू लागले. त्यांत स्त्रियाही आहेत. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या, पण त्यांनी हाती धरलेला कुंचला खाली पडला नाही. एका म्हाताऱ्या माणसापाशी उरलेली विद्या वेळेवर कोणी शिकून घेतली म्हणूनच वाचली, ही गोष्ट आपण गाठीस बांधून ठेवण्यासारखी आहे.

शुभेच्छेचे कार्ड त्या मानाने अलीकडचे. ते वाढले टपालामुळे. विलायतेत १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळचे छापील कार्ड काढले. आपल्या देशात १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. मग दूरच्या लेकीला, भावाला संक्रांतीचा तिळगूळ पाकिटातून जाऊ लागला, आणि त्याबरोबर फुलापाखरांची चित्रे असलेले कार्डही.

या धंद्यात एका बाईचे नाव मोठे आहे. अमेरिकेतील वूस्टर गावची एस्थर हाउलंड. तिच्या वडिलांचे कागद-लेखणीचे दुकान होते. १८४७ च्या सुमारास, शिक्षण नुकतेच संपलेले असताना, तिने विलायतेहून आलेले एक नक्षीदार कार्ड पाहिले आणि तसे आपणही करू असे ठरवले. नमुने तिच्या भावाने गावोगाव दाखवले. दोनशे डॉलरची मागणी येईल अशी तिची अपेक्षा होती. आली पाच हजारांची, असे सांगतात. मग तिने मैत्रिणींना घरी बोलावून एका मेजाभोवती बसवले. एकीने कापावयाचे, दुसरीने चिकटवावयाचे, तिसरीने जाळी लावावयाची. आपल्या मंडळाची सतरंजी आणि तिचे मेज यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

"आता या वयात काय शिकायचं?" असे म्हणणाऱ्या भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. विलायतेतील मेरी डिलेनी या बाई १७०० साली जन्मल्या. भरतकाम आणि शिंपल्यांचे काम त्यांना पूर्वीपासून येई. दुसऱ्यांदा वैधव्य आल्यावर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रंगीत कागद कातरून फुले करण्यास आरंभ केला. काळ्या कागदावर एकेका फुलासाठी शेकडो बारीक तुकडे चिकटवीत. दृष्टी अधू होईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, हे काम चालले आणि जवळजवळ हजार फुले झाली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती कागदाचीच आहेत!

आता थोडे आपल्याविषयी. लग्नानंतर माझ्या हाती लेखणी आली ती सहीपुरतीच. कार्डे करू लागले तेव्हा आत दोन ओळी लिहावयाचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी हात कापत होता. मग अक्षर सुधारले आणि ओळीही सुचू लागल्या. आज हा लेख लिहीत आहे. आपल्यातली एक भगिनी सभेत कधी तोंड उघडत नसे. एका कार्डशीटमधून कार्डे किती निघतील, कागद, खळ, रंग आणि वेळ धरून एकास किती पडेल, हा हिशेब आता तीच सर्वांना समजावून सांगते. दहाला मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने परवा शांतपणे सांगितले, "दादा, कागदाचे पैसे तं थोडेच आहेत. हे हाताचे आहेत." गिऱ्हाइकाने वीस रुपये दिले.

आता शुभेच्छा मोबाईलवर क्षणात जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही पाठवते. पण त्या दुसऱ्या दिवशी कोण शोधतो? हाताने केलेले कार्ड मात्र कपाटात साडीच्या घडीत सापडते आणि दहा वर्षांनीही करणारीचा चेहरा डोळ्यांपुढे आणते.

हा सारा इतिहास वाचताना एक खंत मात्र वाटली. राजांची नावे राहिली, पुढाऱ्यांची राहिली. भिंतीवर ओला कागद चिकटवणाऱ्या हातांची नावे कोठेच नाहीत. म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, यापुढे प्रत्येक कार्डाच्या मागे ते करणारीचे नाव आणि "उंद्री, जिल्हा बुलढाणा" एवढे लिहावे. दुसरी, गावात लगद्याच्या टोपल्या येणाऱ्या ज्या थोरल्या बायका आहेत, त्यांना या उन्हाळ्यात मंडळात बोलावून ती कृती शिकून घ्यावी आणि पुढच्या स्मरणिकेत त्यांच्या नावानिशी छापावी. रद्दी मी देईन, मेथ्या मंडळाने घ्याव्यात. उखळ मात्र कोणीतरी आणावे, कारण आमचे आता उरले नाही.