दाढीवाल्या मेंढपाळ कुत्र्याची वंशावळ

कुत्र्याची 'शुद्ध' जात म्हणजे शतकानुशतके जशीच्या तशी चालत आलेली, असा आपला समज असतो. स्कॉटलंडच्या बिअर्डेड कॉली या केसाळ कुत्र्याचा इतिहास पाहिला, की तो बदलावा लागतो.

हनुवटीला दाढी, डोळ्यांवर झुलणाऱ्या भुवया, अंगभर लांब केस. केसांचा बाहेरचा थर राठ आणि आतला मऊ, दाट. त्यामुळे पाऊसवाऱ्यात अंग उबदार राहते. डोंगरउतारांवर विखुरलेल्या मेंढ्या गोळा करणे, गुरे बाजारापर्यंत हाकत नेणे ही याची कामे. बॉर्डर कॉली नजर रोखून, दबकत कळप वळवतो. हा मात्र भुंकत, उसळ्या मारत. मालकापासून दूर काम करताना स्वतःच निर्णय घ्यावे लागत. म्हणून उत्साहाबरोबर थोडा हट्टीपणाही याच्या अंगी आहे. मेंढपाळ पिल्ले निवडत ती कामावरून, कागदावरून नव्हे.

१८७३ साली ब्रिटनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशनोंदींना महत्त्व आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या जातीचे नोंदणीकृत वंश जवळजवळ संपले होते. १९४४ मध्ये श्रीमती विलिसन यांनी शेटलंड शीपडॉगचे पिल्लू मागवले. हाती आली ती जीनी नावाची तपकिरी बिअर्डेड कॉली मादी. पुढे होव्ह गावच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांना बेली हा नर मिळाला. आजच्या नोंदणीकृत कुत्र्यांच्या वंशावळी मुख्यतः ही जोडी आणि इतर मोजके कुत्रे यांच्यापर्यंत पोहोचतात.

आता एक साधा हिशेब करू. प्रत्येक कुत्र्यात एका जनुकाच्या दोन प्रती असतात. म्हणजे एका जोडीत त्या जनुकाचे फार तर चार प्रकार. पुढे हजारो पिल्ले झाली, तरी नवे उत्परिवर्तन सोडल्यास पाचवा प्रकार बाहेरूनच यावा लागतो. संख्या वाढते, विविधता वाढत नाही. शिवाय जवळच्या नात्यात पैदास झाली, की सदोष प्रती एकाच पिल्लात येण्याची शक्यता वाढते. अधिवृक्क ग्रंथींचा ॲडिसन आजार या जातीत इतर अनेक जातींपेक्षा अधिक आढळतो, ही गोष्ट म्हणूनच दुर्लक्षून चालणार नाही.

वर्गात हे दाखवायला रंगीत मणी पुरेत. दहा रंगांच्या पिशवीतून चारच मणी काढायचे आणि पुढची 'पिढी' त्याच रंगांतून वाढवायची. हरवलेले रंग परत येत नाहीत.

स्कॉटलंडच्या शेतांवर मात्र नोंदवहीबाहेरचे कामकरी बिअर्डी टिकून राहिले. प्रदर्शनात न मिरवलेले हे कुत्रेच जातीची खरी ठेव आहेत.