वटवाघळांना घर देता का घर?

मागच्या अंगणात वटवाघळांसाठी एक लाकडी घर टांगायचंय, असं शेवगावात कुणाला सांगून बघा. पहिला प्रश्न येईल, "बरा आहेस ना?" दुसरं वाक्य साधारण असं, की वटवाघूळ घरात शिरणं अशुभ असतं. अमेरिकेत मात्र लोक हार्डवेअरच्या दुकानातून असं खोकं विकत आणतात, खांबावर चढवतात आणि भाडेकरू कधी येतात याची वाट बघत बसतात. हा उद्योग सुरू कसा झाला याची गोष्ट मोठी मजेशीर आहे. शिवाय ती फिरून फिरून कापसापाशी येते, म्हणजे थेट आमच्या तालुक्यात. म्हणून आजचा वीकेंड तिच्या नावावर.

1897 साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. डास हाच गुन्हेगार हे कळल्यावर जगभर डास मारायच्या युक्त्या निघाल्या. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांनी वेगळाच विचार केला. वटवाघूळ रात्री किडे खातं, डास रात्री उडतात, तर मग वटवाघळंच पाळू या की! त्यांनी पदरचे पैसे घालून एक मनोरा बांधला. त्यात वटवाघळं आलीच नाहीत, चिमण्यांनी संसार थाटला. कॅम्पबेल हटले नाहीत. गुहांमध्ये जाऊन वटवाघळांना नेमकं काय आवडतं याचा त्यांनी अभ्यास केला आणि 1911 मध्ये मिचेल लेक या तळ्याकाठी दुसरा मनोरा उभारला. गावाचं सांडपाणी याच तळ्यात जायचं, तेव्हा डासांची काय चंगळ असेल ते सांगायला नको. या मनोऱ्यात मात्र वटवाघळं राहायला आली. पुढे सॅन अँटोनियोत वटवाघूळ मारायला कायद्याने बंदी आली. 1925 साली कॅम्पबेलनी या सगळ्यावर पुस्तकही लिहिलं.

आता गंमत बघा. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1926 मध्ये, ट्रेसी स्टोअरर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने ही वटवाघळं खरोखर काय खातात ते तपासून प्रसिद्ध केलं. डास जवळपास नाहीतच, बहुतेक सगळे पतंग! थोडक्यात काय, प्रोग्रॅम झकास चालत होता, पण रिक्वायरमेंट भलतीच लिहिली होती. मनोऱ्यांची हवा ओसरली. फ्लोरिडातल्या शुगरलोफ की बेटावर 1929 मध्ये बांधलेल्या मनोऱ्यात तर एकही वटवाघूळ टिकलं नाही. तो तसाच रिकामा उभा होता, 2017 च्या इर्मा चक्रीवादळात शेवटी कोसळला.

मग पतंग खाल्ले तर काय बिघडलं? काहीच नाही, उलट खरी गोष्ट इथेच सुरू होते. कापसाच्या बोंडातली अळी ही एका पतंगाचीच पोर. मादी रात्री उडते, अंडी घालते, अंड्यातून अळी निघते आणि बोंड पोखरते. अंडी घालायच्या आधीच मादी कुणाच्या तोंडात गेली, तर पुढची सगळी साखळीच तुटते. 2006 मध्ये टेक्सासच्या दक्षिण भागातल्या कापूसपट्ट्यात शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला. कॅम्पबेलच्या मनोऱ्यात होती त्याच जातीची वटवाघळं त्या आठ काउंट्यांतल्या कापसाचे वर्षाला सरासरी 7 लाख 41 हजार डॉलर वाचवतात, असं उत्तर आलं. आणि तिथला कापूस होता वर्षाला 46 ते 64 लाख डॉलरचा. म्हणजे कॅम्पबेलनी प्राणी बरोबर निवडला होता, फक्त किडा चुकला.

अमेरिकेतली ती अळी आणि आपल्याकडे जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात ती, या दोघी सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी. शेवगाव, पाथर्डीकडे कापूस काय आहे हे ज्यांच्या घरी वेचणी झालीय त्यांना सांगायला नको. 2002 मध्ये बीटी आलं, काही वर्षं फवारणी कमी झाली. मग गुलाबी बोंडअळीला बीटी पचायला लागलं आणि पंप पुन्हा पाठीवर आले. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले.

वटवाघळं नाहीशी झाली तर काय होतं, याचं उत्तरही अमेरिकेतच मिळालं. 2006 पासून तिथे एका बुरशीजन्य रोगाने वटवाघळांचा फडशा पाडला. एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाने 2024 मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं, की जिथे वटवाघळं मेली तिथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकं सुमारे 31 टक्क्यांनी जास्त वापरली आणि तिथला बालमृत्यूदर सुमारे 8 टक्क्यांनी वाढला. हा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसलो होतो. वटवाघूळ आणि पाळण्यातलं बाळ यांच्यामध्ये एवढं सरळ अंतर असेल असं कुणाला वाटेल?

आता आपल्याकडे वळू. 1911 च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने भारतातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तिथे एक मोठ्या कानांचं वटवाघूळ सापडलं. 1913 मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याला मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांचं नाव दिलं. विसावं शतक संपत आलं तरी जगात ही जात त्या एकाच गुहेत माहीत होती! ती गुहा आता 2011 मध्ये जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात आहे. दुसरी गोष्ट मुंबईतली. 1948 मध्ये तमिळनाडूच्या डोंगरात पकडलेलं एक वटवाघूळ सोसायटीच्या कपाटात चुकीच्या लेबलाखाली वीसेक वर्षं पडून होतं. थायलंडच्या कित्ती थोंगलोंग्या यांनी ते ओळखलं आणि 1972 मध्ये त्याला सालिम अलींचं नाव मिळालं.

एवढं असून सरकारी कागदावर फळं खाणारी वटवाघळं उंदीर-घुशींच्या रांगेत, उपद्रवी प्राणी म्हणून होती. 1972 च्या वन्यजीव कायद्यातलं ते परिशिष्टच 2022 च्या दुरुस्तीने रद्द झालं. ती दुरुस्ती लागू झाली 1 एप्रिल 2023 पासून.

बरं, मग खोकं टांगायचं का? टांगा की! खरखरीत लाकूड, आत साधारण दोन सेंटिमीटरची फट, खालून उघडं, बारा-पंधरा फूट उंचीवर. अमेरिकेत थंडी म्हणून गडद रंग देतात. आपल्याकडे मे महिन्यात तसं केलंत तर आत पापड भाजून निघतील. फिका रंग द्या आणि दुपारची सावली बघा. आणि धीर धरा. फ्लोरिडा विद्यापीठाने 1991 मध्ये मोठं वटवाघूळघर बांधलं, त्यात वस्ती व्हायला 1995 उजाडलं.

भीती खोटी नाही, तेही सांगतो. 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या विषाणू संस्थेला निपाहविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या. म्हणून नियम साधा : हात लावायचा नाही, पडलेलं उचलायचं नाही, उष्टं फळ खायचं नाही, चावलं तर लगेच दवाखाना गाठायचा. त्यांच्या जागी त्यांना राहू द्यायचं, एवढंच.

पण माझ्या मते खोकं ही दुय्यम गोष्ट. आपण शेकडो वर्षं न कळत वटवाघळांची घरं बांधतच होतो. वाड्याचं माळवद, तुळयांच्या फटी, दगडी बारवा, हेमाडपंती देवळांचे अंधारे कोपरे, बुरुजांमधल्या वाटा. त्या लहानग्या पाकोळ्या कुणी मुद्दाम बोलावल्या नव्हत्या, त्या आपल्या आल्या आणि राहिल्या. आता वाडा पाडून स्लॅब पडतो, देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा फटी सिमेंटने लिंपल्या जातात, गावाबाहेरचा जुना वड रस्ता रुंदीकरणात जातो. बहुतेक जातींना वर्षाला एक किंवा दोनच पिल्लं होतात, तेव्हा एकदा उठलेली वस्ती झटकन भरून निघत नाही.

तेव्हा गावी वाडा पाडायचा विषय निघाला, तर आधी संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात उभं राहून आढ्याकडे बघा. काही बाहेर पडतंय का? पडत असेल, तर पिल्लांचे दिवस संपेपर्यंत कंत्राटदाराला थांबवा आणि नव्या घराच्या भिंतीवर ते खोकं आधीच लावून ठेवा. कापसाला फुकट राखणदार मिळाला, तर तो घालवायचा कशाला?