फ्लिंटचे पाणी

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात फ्लिंट हे कारखान्यांचे शहर आहे. १९०८ साली जनरल मोटर्स ही बलाढ्य मोटारकंपनी याच शहरात जन्माला आली. १९३६-३७ च्या हिवाळ्यात येथील कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून ४४ दिवस संप केला आणि भांडवलदाराला युनियन मान्य करायला भाग पाडले. कामगार चळवळीच्या इतिहासात हा संप गौरवाने सांगितला जातो. सांगायचे राहते ते एवढेच, की त्या काळी काळ्या कामगाराला ओतशाळेतील भट्टी नाही तर झाडू, यापलीकडे फारसा वाव नव्हता. वर्ग एक होता. पंगती मात्र दोन होत्या.

दक्षिणेतील जाचातून सुटून आलेल्या काळ्या कुटुंबांना फ्लिंटमध्ये रोजगार मिळाला, हवे तिथे घर मिळाले नाही. काळ्यांना विकू नये, अशी अट खरेदीखतांतच लिहिलेली असे. १९३० नंतरच्या दशकात केंद्र सरकारच्या यंत्रणेने गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे काढले, त्यांत काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या. लाल म्हणजे कर्जास अपात्र. आपला महारवाडा गावकुसाबाहेर धर्माने आखला. तिकडे तेच काम नकाशाने आणि बँकेने केले. १९६८ साली घरांच्या बाबतीतील भेदभावाला बंदी घालणारा कायदा फ्लिंटच्या मतदारांनी मोजक्या मतांच्या फरकाने टिकवला. पण त्याच सुमारास नगरसुधारणा आणि महामार्ग यांच्या नावाखाली सेंट जॉन व फ्लोरल पार्क या काळ्यांच्या जुन्या वस्त्या उठवल्या गेल्या.

पुढे कारखानेही गेले. एके काळी या परिसरात जनरल मोटर्सकडे सुमारे ८० हजार माणसे कामाला होती. २०१५ च्या सुमारास १० हजारही उरली नाहीत. गोरे उपनगरांत गेले, त्यांच्याबरोबर कराचा पैसा गेला. १९६० साली जवळजवळ २ लाख असलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ८१ हजारांवर आली. त्यात निम्म्याहून अधिक काळे.

तिजोरी रिकामी म्हणून २०११ साली राज्य सरकारने शहरावर प्रशासक नेमला. नगराध्यक्ष आणि नगरसभा नावाला उरल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये मिशिगनच्या जनतेने प्रशासकाचा हा कायदा मतदानाने फेटाळला. डिसेंबरात विधिमंडळाने तसाच दुसरा कायदा केला. मत होते, त्याला किंमत नव्हती.

२५ एप्रिल २०१४ रोजी खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटकडून येणारे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी नळाला सोडले. नळ गंजू नयेत म्हणून घालावयाचे औषध त्यात घातले नाही. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना आले. पाणी ठीक आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये या पाण्याने यंत्राचे भाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यापुरते पाणी बदलून घेतले. जे पाणी इंजिनाला चालेना, ते लेकरांना आणखी वर्षभर पाजले गेले! मुलांच्या रक्तातील शिसे वाढल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये एका बालरोगतज्ज्ञ स्त्रीने आकड्यांनिशी दाखवले, तेव्हा कोठे ऑक्टोबरात जुने पाणी परत आले. याच काळात पसरलेल्या लीजनेअर्स रोगाने सरकारी नोंदीप्रमाणे १२ माणसे दगावली. २०१७ साली राज्याच्याच नागरी हक्क आयोगाने या प्रकरणाची मुळे वंशभेदी व्यवस्थेत असल्याचे नमूद केले.

माझी आजी विहिरीपासून लांब उभी राहून वरून ओतलेले पाणी घागरीत झेलत असे. तिला पाणी नाकारणारा डोळ्यांसमोर तरी दिसत होता. फ्लिंटच्या आईच्या घरात नळ होता, हातात मत होते, आणि समोर कोणीच नव्हते; होती ती फाइल, काटकसर आणि अंदाजपत्रक. हा विटाळ कागदावर दिसत नाही, म्हणून तो ओळखायला शिकले पाहिजे.

राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. फ्लिंटचे नळ आता बदलले आहेत. लेकरांच्या मेंदूवर शिशाने केलेला घाव मात्र बदलता येत नाही. महाडला आपण पाण्याला हात लावला. त्या पाण्याचा हिशेब कोण ठेवतो, हे विचारण्याचे काम आपले आहे.