तळटीप : सरावाने वाढणारे उत्पादन

* ग्रंथकर्त्याने येथे जिचा ओझरता उल्लेख केला आहे, ती वाढ नव्या यंत्रांमुळे वा वाढीव भांडवलामुळे नव्हे, तर तेच काम वारंवार केल्याने हातास व बुद्धीस येणाऱ्या जाणतेपणामुळे होते. अमेरिकेतील विमाननिर्मितीचा खर्च तपासून टी. पी. राइट यांनी १९३६ साली दाखविले की, एकूण उत्पादन दुप्पट झाले म्हणजे दर विमानामागील श्रम सुमारे २० टक्क्यांनी उतरतात. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये या अनुभवास अर्थशास्त्रीय सिद्धान्ताचे रूप दिले. खानदेशच्या वाचकास मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. जळगाव, अमळनेर व धुळे येथील कापडगिरण्यांत वैशाखाच्या कोरड्या हवेने सूत ठिसूळ होऊन तुटू लागले म्हणजे खात्यात ओलावा किती राखावा, कोणत्या चातीकडे आधी धावावे आणि तुटलेला धागा बोटांच्या एका पिळात कसा सांधावा, हे कोणत्याही दप्तरात नमूद नसलेले ज्ञान जॉबराच्या, म्हणजे खात्यातील मुकादमाच्या, हाताखाली उमेदवारी केलेल्या कामगारापाशीच असे. १९७८ साली भवरलाल जैन यांनी केळीभुकटीचा बंद कारखाना घेऊन जळगावात पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास आरंभ केला, तेव्हाही चीक कितपत तापवावा हे हातानेच शिकावे लागणारे काम होते. गिरणी मोडीत निघते तेव्हा यंत्रांची किंमत जमाखर्चात येते, या ज्ञानाची येत नाही; नुकसानीच्या हिशेबात तीही धरलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. — संपादक