हेलिकॉप्टरचं डावं, आपलं डावं

रिमोटवरचं हेलिकॉप्टर शिकताना खरी परीक्षा घेतं ते त्याचं तोंड. शेपूट आपल्याकडे असेल तोवर आपलं डावं तेच त्याचं डावं. ते वळून आपल्याकडे तोंड करतं आणि सगळं उलटं होतं. काठी डावीकडे ढकलली की यंत्र आपल्या उजवीकडे जातं. फार लांब गेलं तर नुसता ठिपका उरतो. येतंय की जातंय हेही कळत नाही.

जर्मनीच्या डीटर श्लूटर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ताब्यात राहणारं मॉडेल हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. पुढे त्यांचे जोडणीचे संच बाजारात आले. वरच्या पंख्यासोबत फिरणाऱ्या दांडीमुळे यंत्र स्थिर राहायला मदत झाली, पण तोंड कुठे आहे ते माणसालाच ओळखावं लागे. म्हणून शिकणारे आधी शेपूट आपल्याकडे ठेवून ते एका जागी तरंगवत, मग कुशीवर, आणि सगळ्यात शेवटी समोरासमोर. त्यासाठी एक युक्ती तोंडी चालत आली: यंत्र समोर तोंड करून असताना जी बाजू खाली झुकेल, तिकडे काठी न्यायची. पडत्या भिंतीला टेकू द्यावा तशी.

दुसरा उपाय समुद्रावरून आला. ब्रिटनने १८४८ मध्ये वाफेच्या जहाजांना डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा सक्तीचा केला. विमानांनी तोच नियम घेतला. अंधारात समोर लाल उजवीकडे आणि हिरवा डावीकडे दिसला, तर ओळखायचं, ते आपल्याकडेच येतंय.

१९९०च्या दशकात शेपूट धरून ठेवणारे जायरो आले. २०१३ मध्ये डीजेआयचा फँटम आला आणि जीपीएस, होकायंत्र सामान्य हौशी माणसाच्या हाती पडलं. स्वस्त ड्रोनमध्ये 'हेडलेस मोड' आला: तोंड कुठेही असो, उड्डाणाच्या वेळी जी दिशा 'पुढे' होती, तीच पुढे. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फ्रेम बदलणं म्हणतो. पण तुम्ही चालत शेताच्या पलीकडच्या बांधावर गेलात आणि वळून उभे राहिलात, की पुन्हा सगळं उलटं. यंत्राला जमिनीची दिशा कळते, तुम्ही कुठे उभे आहात ते नाही.

आमच्या दिंद्रुडकडे माजलगाव धरणामुळे ऊस आहे, शेजारी कापूस. उसातल्या तणावर २,४-डी मारतात आणि कपाशीला त्याचा नुसता वारा लागला तरी पानं आकसतात. अशा ठिकाणी फवारणीचा ड्रोन उडत असताना दोन बांधांवर दोन माणसं उभी असतात. एकाने "डावीकडे घे" म्हटलं तर दुसऱ्यासाठी ते उजवं असतं. चूक झाली तर शेजाऱ्याचं वर्षाचं पीक जातं आणि बांधावरचं भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

पण आमच्याकडे रानात डावं-उजवं फारसं कुणी बोलतच नाही. उगवतीचा बांध, मावळतीचं रान, असंच बोलतात. "उगवतीकडे घे" याचा अर्थ दोन्ही बांधांवर एकच.

जहाजांना दिवे लागले, ड्रोनला होकायंत्र लागलं. आजीचं दिशांचं गणित त्याच कामाचं आहे. फवारणी सुरू करण्याआधी उगवत कुठे ते एकदा मोठ्याने ठरवून घ्या. कपाशी वाचवायला तेवढं पुष्कळदा पुरतं.