मीठ-भाकर आणि परका पाहुणा

रशियन भाषेत आतिथ्याला जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'भाकर-मीठ' असा होतो. आपल्याकडे मीठ-भाकर म्हणजे गरिबाचे जेवण. तिकडे ते स्वागताचे चिन्ह आहे. भरतकाम केलेल्या रुमालावर पाव आणि मीठ ठेवून यजमान दाराशी उभा राहतो. पाहुण्याने तुकडा मोडावा, मिठाला लावावा आणि तोंडात घालावा. वसईच्या खाडीकाठी मिठागरे पाहात वाढलेल्या उमेळेकरांना मिठाचे अप्रूप वाटणार नाही. परंतु जुन्या रशियात मीठ महाग होते, म्हणूनच ते पुढे करण्यात मान होता.

अशा देशातील त्वेर नगरचा एक व्यापारी, अफनासी निकितीन, 1470 च्या सुमारास समुद्रमार्गे आपल्या चौल बंदरात उतरला. वसई पोर्तुगिजांकडे गेली 1534 साली. हा त्यापूर्वीचा काळ. विकण्यासाठी आणलेला घोडा घेऊन तो घाट चढून जुन्नरला गेला. पावसाळ्याचे दोन महिने तेथे काढले. परदेशी व्यापारी उतारशाळेत राहतात आणि त्यांचे अन्न तेथील बाया शिजवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

तो मुसलमान नाही हे कळताच जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला, आणि धर्म बदल, नाहीतर घोडा विसर, असे बजावले. शेवटी ख्वाजा महंमद या खुरासानी गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा घोडा परत मिळाला. पुढे बीदरला त्याने हिंदूंना आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. त्यानंतर त्यांनी आपले अन्न, व्यापार, पूजा, घरातील माणसे, काहीच त्याच्यापासून लपवले नाही. ते कोणाशी एका ताटात जेवत नसत. पण शिवरात्रीच्या यात्रेला श्रीशैलावर जाताना त्यांनी त्याला सोबत नेले.

ओळख एकच, पण तिचे फळ दोन ठिकाणी दोन प्रकारचे. एकाने ती कळताच घोडा हिरावला; दुसऱ्यांनी ती कळताच दार उघडले. आणि मध्ये उभा राहून सोडवणारा ख्वाजाही मुसलमानच होता, हे विसरून चालणार नाही.

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. ते ओझे पाहुण्यावर. यजमानावरही ओझे असते. नाव-गाव-धर्म विचारण्यात गैर काही नाही. विचारल्यावर आपण काय करतो, यावर आतिथ्याची पारख होते. रेल्वेने रोज नवी माणसे उतरणाऱ्या आपल्या तालुक्याला हा प्रश्न जुना झालेला नाही.