बरी झालेली बाई राहणार कुठे?

इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १९१२ साली दुसरा. दोन्हींत काळजी एकच: माणसाला आत घ्यायचं ते कुणाच्या हुकमानं. बाहेर पडल्यावर तो राहणार कुठे, याला त्यांत जागाच नव्हती. बायकांचं तर विचारूच नका. नवरा आजारी पडला तर बायको निभावून नेते. बायको पडली की बहुधा दुसरं लग्न ठरतं, आणि माहेरचं दार तोवर अर्धं मिटलेलं असतं. औषधानं बऱ्या झालेल्या कितीतरी जणी मग इस्पितळातच म्हाताऱ्या झाल्या.

१९९३ साली चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी रस्त्यावर आलेल्या अशा बायांसाठी ‘द बॅनियन’ काढलं. त्यांचंच पुढचं काम ‘होम अगेन’: साध्या वस्तीत भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणी, सोबतीला मदतनीस बाई. आज भाजी कुठली, हे त्यांनीच ठरवायचं. (मला यातलं हेच मोठं वाटतं.)

घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही, एवढ्यावरून कुणाला इस्पितळात ठेवता येणार नाही, असं २०१७ चा कायदा म्हणतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारही धरलेला आहे, म्हणजे प्रमाणपत्र मागता येतं. फक्त इस्पितळात अडकलेल्या बाईला अर्जावर पत्ता लिहायचा, तो इस्पितळाचाच.